सात वर्षांनी फोनची पाठ उघडली

फोन टेबलावर ठेवला आणि सहज टिचकी मारली तर तो फिरला. भोवऱ्यासारखी एक अख्खी गिरकी घेऊन थांबला. सपाट वस्तू अशी फिरत नाही, मध्ये कुठेतरी पोट सुटलेलं असलं तरच फिरते, आणि हे डोक्यात यायला मला अजून दोन टिचक्या लागल्या कारण आधी मजाच वाटत होती. मग उचलून डोळ्यांसमोर आडवा धरला तर मागची काच एका बाजूने फ्रेममधून सुटलेली, नखाएवढी फट, फटीतून आत काहीतरी काळं. बॅटरी फुगली होती. अगदी टम्म नाही, पण फुगली होती.

फोन २०१८ चा. पाच वर्षं वापरला, मग नवीन घेतला आणि हा फुल चार्ज करून खणात ठेवून दिला, कधी लागला तर असू दे म्हणून. आता कळतंय की नेमकं तेच करायचं नसतं. लिथियम बॅटरी ठेवून द्यायची असेल तर निम्म्यावर ठेवायची, पूर्ण भरलेली नाही आणि पूर्ण रिकामीही नाही. मी बाहेर काढला तो जुने फोटो शोधायला. चार्जिंगला लावला, ४३ टक्के झाले म्हणून कॅमेरा उघडला तर एकदम बंद. परत चालू केला तर ११ टक्के दाखवतोय. मला वाटलं सॉफ्टवेअर गंडलंय. तसं नसतं. ती टक्केवारी म्हणजे फोनने व्होल्टेज बघून, आत किती गेलं बाहेर किती आलं याचा हिशोब ठेवून बांधलेला अंदाज असतो, आणि बॅटरी म्हातारी झाली की तिच्या आत विजेला होणारा विरोध वाढतो, मग कॅमेऱ्यासारखं काहीतरी जड काम एकदम अंगावर आलं की व्होल्टेज धप्पकन खाली बसतं आणि फोनला वाटतं संपलं सगळं.

(यावरूनच २०१७ च्या डिसेंबरात अ‍ॅपलला कबूल करावं लागलं होतं की जुन्या बॅटरीचे आयफोन असे अचानक बंद पडू नयेत म्हणून ते मुद्दाम हळू चालवले जातायत. कारण खरं होतं हो, पण आधी सांगितलं नव्हतं, आणि लोक चिडले ते त्यावर.)

तर प्रश्न असा की करायचं काय. स्क्रीनवर एक चरा नाही, कॅमेरा चांगला, आवाज चांगला, नुसतं पोट बिघडलेलं. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर पलीकडचा माणूस अतिशय नम्रपणे म्हणाला, सर मॉडेल जुनं झालंय, पार्ट येत नाही, नवीनच घेऊन टाका. त्या 'घेऊन टाका'मधल्या 'टाका'ने माझं डोकं फिरलं. म्हणलं, आपणच उघडतो.

आता यात शूरपणा काही नाही, कारण ज्या पिढीने बटणांचे फोन वापरलेत तिला फोन उघडण्याचं कसलं आलंय कौतुक. नखाने मागचं झाकण सरकवायचं, बॅटरी काढायची, शर्टाला पुसायची, परत लावायची. फोन हँग झाला की हेच औषध, सिम बदलायचं तरी हेच. आणि फोन पडला की त्याचे तीन तुकडे व्हायचे, फोन एकीकडे, झाकण दुसरीकडे, बॅटरी सोफ्याखाली, मग आपण रांगत जाऊन तिघांना गोळा करायचं, जोडायचं, बटण दाबायचं आणि तो गुमान चालू व्हायचा. मला वाटतं असा सुटा होऊन पडत होता म्हणूनच तो तुटत नव्हता, आपटल्याचा जोर झाकण उडण्यातच संपायचा.

नोकियाची बीएल-५सी नावाची बॅटरी आठवतेय का? चौकोनी, काडेपेटीएवढी, कितीतरी मॉडेलांत तीच एक. २००७ च्या ऑगस्टमध्ये कंपनीने सांगितलं की या बॅटरीच्या ठरावीक काळात बनलेल्या मालात, म्हणजे सुमारे ४ कोटी ६० लाख नगांत, शॉर्ट सर्किट होऊन तापायचा दोष असू शकतो. एवढा मोठा आकडा, पण वापरणाऱ्याने करायचं काय तर झाकण काढून बॅटरीवरचा नंबर बघायचा, त्यातला निघाला तर बदलून मागायची. फोन आपल्याकडेच. नऊ वर्षांनी, २०१६ मध्ये, सॅमसंगच्या नोट ७ च्या बॅटऱ्या पेटायला लागल्या तेव्हा पहिल्या फेरीतच २५ लाख फोन परत बोलवावे लागले, अख्खे फोन, कारण बॅटरी आत चिकटवलेली, तुमच्याआमच्या हाताने निघणारी नाही. आणि नंतर ते मॉडेलच बंद केलं. या दोन गोष्टींच्या मधल्या नऊ वर्षांत कधीतरी आपल्या खिशातली वस्तू सील झाली आणि आपण ते बघितलंच नाही, कारण ती दिसायला सुंदर होत होती.

हे पुराण मी मुलीला ऐकवत होतो आणि ती टेबलावर पांढरा कागद पसरत होती. ती बारा वर्षांची आहे, तिने झाकण निघणारा फोन पाहिलेलाच नाही.

"मग बॅटरी संपली की दुसरी लावायची? टॉर्चसारखी?"

"हो."

"मग आता का नाही करत तसं?"

या प्रश्नाला मी जे उत्तर दिलं ते आता आठवत नाही, बहुतेक 'तू आधी तो चिमटा दे' असं काहीतरी असेल.

तयारी मात्र नीट केली. आधी फोनची बॅटरी उतरवली, टॉर्च चालू, व्हिडिओ चालू, जितकी खाली जाईल तितकी, कारण भरलेल्या बॅटरीला चुकून टोचलं तर जो भडका होईल तो रिकामीला होणार नाही, किंवा निदान कमी होईल. खिडक्या उघडल्या. बाजूला बादलीभर वाळू आणून ठेवली. मुलगी म्हणाली पाणी नको का, तर जवळ ठेवायला वाळू बरी, पेटलीच तर चिमट्याने उचलून आत टाकायची आणि लांब व्हायचं, धूर हुंगत बसायचं नाही, तो विषारी असतो. हे ऐकून ती दोन पावलं मागे सरकली, जे मला हवंच होतं.

फुगण्याचं कारण समजून घेतलं तेव्हा खरं तर मला त्या बॅटरीची दयाच आली. आत असतं काय तर एक लांबलचक गुंडाळी. तांब्याचा पातळ पत्रा, त्यावर ग्राफाइटचा लेप. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, त्यावर लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा लेप. दोघांच्या मध्ये केसापेक्षाही पातळ प्लास्टिकचा पडदा. आणि हे सगळं एका ज्वलनशील द्रवात भिजवून मऊ पाकिटात बंद. चार्ज करताना लिथियमचे आयन पडद्यातून पलीकडे जाऊन ग्राफाइटच्या थरांत शिरतात, वापरताना परत येतात. ते शिरले की ग्राफाइट थोडं फुगतं, निघाले की बसतं, म्हणजे रोज चार्ज होताना बॅटरी पोटाने श्वास घेत असते, आपल्याला दिसत नाही इतकंच. आणि ग्राफाइटवर पहिल्याच चार्जिंगपासून एक साय धरते. ती हवीच असते, तिच्यामुळेच द्रव टिकतो, पण ती हळूहळू जाड होत जाते आणि दर वेळी थोडं लिथियम खाऊन टाकते, म्हणून क्षमता घटते. शिवाय उष्णता असेल किंवा बॅटरी दिवसेंदिवस पूर्ण भरलेली राहिली तर तो द्रव विघटन पावतो, वायू सुटतो, वायूला जायला वाट नाही, मग पाकीट फुगतं. म्हणजे खणात फुल चार्ज करून ठेवलेला माझा फोन दोन वर्षं अंधारात पोटात वारा धरत होता.

या केमिस्ट्रीला २०१९ चं नोबेल मिळालं, जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना. व्हिटिंगहॅमने सत्तरच्या दशकात सुरुवात केली, गुडइनफने १९८० मध्ये कोबाल्ट ऑक्साइडचा इलेक्ट्रोड दिला, योशिनोने १९८५ मध्ये वापरता येईल अशी बॅटरी करून दाखवली, आणि १९९१ मध्ये सोनीने ती बाजारात आणली. नोबेल मिळालं तेव्हा गुडइनफ ९७ वर्षांचे होते, आजवरचे सगळ्यात वयस्कर नोबेल विजेते, २०२३ मध्ये वयाच्या शंभरीत वारले. आणि त्यांच्या बॅटरीचा माझ्या हातातला अवतार सातव्या वर्षी म्हातारा. असो.

आता खरा गुंता. मागची काच गोंदाने चिकटवलेली. गोंद सोडवायला उष्णता लागते, साधारण साठ ते ऐंशी अंश, आणि त्याच काचेला लागून आत जी वस्तू आहे तिला उष्णताच सोसत नाही, फुगलेलीला तर अजिबात नाही. म्हणजे दार उघडायला ज्या किल्लीची गरज तीच आतल्याचा जीव घेणार. फोन बनवणाऱ्यांना हे माहीत नसेल असं होणार नाही. मी हेअर ड्रायर फक्त कडांवरून फिरवला, अर्धा मिनिट, थांब, हात लावून बघ, परत अर्धा मिनिट. मग फट होतीच, तिच्यात प्लास्टिकचं पातळ कार्ड घातलं आणि कडेकडेने सरकवत गेलो. गोंद सुटताना जो आवाज येतो ना, च्यर्र करत, तो ऐकताना दात आंबतात. काच तडकली की गोंद सुटला हे कळतच नाही, दोन्हींचा आवाज एकच. मुलगी मागून, "बाबा, तू श्वास घे." मी खरंच घेत नव्हतो.

तीन बाजू सुटल्या. चौथी सुटली आणि मी आनंदाने काच उचलली. सरळ वर. डब्याचं झाकण उचलावं तशी.

आणि एक बारीकसा, कागद फाटावा तसा आवाज आला.

त्या काळच्या बऱ्याच फोनांना बोटाचा ठसा घेणारा सेन्सर मागच्या बाजूला असायचा, काचेलाच बसवलेला, आणि तिथून एक नखभर रुंदीची नारिंगी पट्टी आतल्या बोर्डाला जोडलेली. फ्लेक्स केबल म्हणतात तिला. काच पुस्तकासारखी एका बाजूला उलटायची, मग ती पट्टी बोर्डावरून काढायची, मग काच वेगळी करायची. हे मी तीन व्हिडिओंत पाहिलं होतं. तिन्हींत त्या माणसाने हात थांबवून सांगितलं होतं. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तसं झालं, जगभरची केमिस्ट्री वाचून बसलो आणि समोरची पट्टी दिसली नाही. पट्टी मधोमध फाटली होती, तांब्याच्या केसासारख्या रेघा दोन्ही टोकांना लोंबत होत्या. मुलगी काही बोलली नाही. तिने ते न बोलणं अगदी आईकडून उचललंय.

पाच मिनिटं मी नुसता बसलो. मग आत पाहिलं.

पाच वर्षं हा फोन दिवसरात्र माझ्याजवळ होता, उशीखाली, खिशात, बाथरूममध्येसुद्धा, आणि मी त्याला आतून पहिल्यांदा बघत होतो. मला वाटलं होतं यंत्रासारखं काहीतरी दिसेल. निम्मी जागा नुसती बॅटरीने व्यापलेली. काळी, मऊ, निर्विकार. बाकी सगळे तिच्या कडेने अंग चोरून उभे, एसटीत सीट न मिळालेल्या लोकांसारखे. वर बोर्ड, तो पत्र्याच्या झाकणांखाली लपलेला. खाली स्पीकर, चार्जिंगचं भोक, आणि तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढी व्हायब्रेशनची मोटर, तिच्या दांड्याला एका बाजूने जड वजन लावलेलं, म्हणजे ती फिरली की हेलकावते, बस्स, एवढंच. इतकी वर्षं मीटिंगमध्ये माझ्या मांडीला जी गुदगुली व्हायची ती या दाण्याची.

आणि बोर्डाच्या कडेला एक छोटंसं गोल स्टिकर, लालभडक.

मला ते माहीत होतं, पाणी लागलं की पांढऱ्याचं लाल होणारं स्टिकर असतं ते, दुरुस्तीला आलेल्या फोनला पाणी लागलंय का हे बघायला. पण माझा फोन पाण्यात कधीच पडला नव्हता. मी तसं म्हणालोसुद्धा. मागे शांतता. मग, "बाबा, मी सहा वर्षांची असताना एकदा त्याला अंघोळ घातली होती. बादलीत. मग पुसून परत ठेवला होता." सहा वर्षं ही गोष्ट फक्त तिला आणि त्या स्टिकरला माहीत होती. फोनने मात्र चुगली केली नव्हती, चालतच राहिला होता. गोंदाचं हे एक मानायला हवं, त्या काचेभोवतीच्या गोंदानेच त्या दिवशी त्याला वाचवलं असणार. कंपन्या म्हणतात पाणी आत जाऊ नये, फोन पातळ राहावा म्हणून चिकटवतो, तर ते काही खोटं नाहीये. फक्त पूर्ण खरंही नाही, कारण २०१४ चा गॅलॅक्सी एस ५ पाण्यात चालायचा, धूळ-पाणी अडवण्याच्या आयपी ६७ दर्जाचा होता, आणि त्याचं मागचं झाकण नखाने निघायचं. जमत होतं म्हणजे.

पुढे स्क्रू. अकरा होते, बघायला सगळे सारखे, पण लांबी वेगवेगळी, आणि लांब स्क्रू आखूडच्या भोकात पिळला तर तो बोर्डाच्या आतल्या थरांतून आरपार जातो, मग देवसुद्धा वाचवत नाही. मुलीने कागदावर फोनचं चित्र काढलं होतं, निघाला स्क्रू की त्या जागी चिकटपट्टीने चिकटवायचा, हे काम तिचं. मग सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर. बाकी कशालाही हात लावायच्या आधी तो, प्लास्टिकच्या पातीने, टुक करून. तो निघाला की फोन खरोखर बंद होतो. पॉवर बटणाने होतो ते नुसतं डोळे मिटणं.

बॅटरीखालीही गोंदच. काही फोनांना ओढून काढायची पट्टी असते, च्युइंगगमसारखी ताणली जाते आणि बॅटरी मोकळी होते. माझ्याला नव्हती. धातूचं काही घालायचं नाही, वाकवायची नाही, टोचायची तर नाहीच. कडेने आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब सोडले, थांबलो, मग दात कोरायचा धागा बॅटरीखाली घातला आणि दोन्ही टोकं धरून करवतीसारखा पुढेमागे, पुढेमागे, इंच इंच. पंचवीस मिनिटं लागली. बोटांना वळ उठले. मध्येच मला गोडसर वास आल्यासारखं झालं आणि माझे हात गार पडले, कारण आतला द्रव गळला तर असाच वास येतो म्हणतात. "वास येतोय का गं?" ती जवळ आली, हुंगून म्हणाली, "बाबा, तुझ्या हातांनाच येतोय. अल्कोहोलचा."

निघाली. हातात घेतली तर पाकिटात हवा भरल्यासारखी, दाबायचा मोह होत होता आणि दाबायची नव्हती. टोकांना चिकटपट्टी लावली आणि पत्र्याच्या डब्यात वाळूत पुरली.

नवीन बॅटरी मी आठवडाभर शोधली होती. तेवढ्याच आकारात दीडपट क्षमता लिहिलेल्या किती बॅटऱ्या विकायला आहेत बघा एकदा, सगळ्यांचे फोटो चकचकीत. आकार तोच आणि आकडा फारच मोठा असेल तर तो आकडाच तेवढा मोठा असतो. मी जुनीवर लिहिलेलं जसंच्या तसं असलेली घेतली, ३००० एमएएच, ३.८५ व्होल्ट. गुणाकार केला तर ११.५५ वॅट-तास होतात. म्हणजे ९ वॅटचा एलईडी बल्ब सव्वा तासाच्या आसपास चालेल एवढी वीज, झालं. या एवढ्यावर माणूस दिवसभर फोटो काढतो, रस्ता शोधतो, भांडतो, आईला व्हिडिओ कॉल लावतो. मला हे एमएएचच्या हजारांत कधी कळलं नव्हतं, बल्बात कळलं.

बसवली. कनेक्टर दाबला, टुक. स्क्रू कागदावरून एकेक करत परत जागेवर, अकराच्या अकरा, उरला एकही नाही, याचं श्रेय माझं नाही. बटण दाबलं, काही नाही. परत दाबलं, काही नाही. मुलीने चार्जरला लावला तेव्हा मिनिटभराने थरथरला, तो दाणा. आधी त्याचा आवाज आला, मग उजेड. स्क्रीनवर तारीख आली १ जानेवारी १९७०, कारण बॅटरी निघाली की घड्याळ विसरतं, आणि विसरलेलं घड्याळ, कॉम्प्युटर जिथून काळ मोजतात तिथे जाऊन उभं राहतं. मी जन्मलोही नव्हतो तेव्हा. मग वायफाय लागलं आणि तो एका झटक्यात पंचावन्न वर्षं पुढे आला.

युरोपात कायदा झालाय, १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या उपकरणांमधली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता यायला हवी. त्यात फोनसाठी पळवाटा आहेत, बॅटरी बरीच वर्षं टिकणारी असेल आणि फोन पाण्यात टिकणारा असेल तर सूट वगैरे. तरी मुलीला मी सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे तुमचे जुने फोन होते तसेच ना, मग मध्ये कशाला बदललं? याही वेळी मी तिला काहीतरी आणायला पाठवलं.

काच परत डबल टेपने लावली, आता ती पाण्याला अडवणार नाही, अंघोळ बंद. डबा दुसऱ्या दिवशी जुन्या बॅटऱ्या गोळा करतात तिथे देऊन आलो. फोन आता मुलगी गाणी ऐकायला वापरते, दीड दिवस चालतो, उघडायला चार आकडे टाकावे लागतात. मी कधी उचलला की माझं बोट अजून मागच्या त्या गोल खळग्यावर जाऊन टेकतं, आणि मी वाट बघतो. मग ती पुढून म्हणते, "बाबा, पिन."